२४३ मार्ग, पण पैसा जातो एकाच वाटेनं



संख्याशास्त्रात पीएचडी करते म्हटलं, की श्रीपूरला कुणी ना कुणी विचारतंच, "मग त्या मोबाईलवरच्या स्लॉट गेमचं गणित सांग की. कधी लागतो तो?" प्रश्न थट्टेत विचारला जातो. पण उसाचा हप्ता खात्यावर पडला आणि तो असल्या खेळात गेला, तर ती थट्टा राहत नाही. म्हणून आज हेच गणित.

जाहिरातीत लिहिलेलं असतं, 'जिंकण्याचे २४३ मार्ग'. कुठे १,०२४, कुठे तर १,१७,६४९. हे आकडे खोटे नसतात. फक्त आपण त्यांचा जो अर्थ लावतो, तो खरा नसतो.

मार्ग मोजतात कसे?

पडद्यावर पाच चक्रं असतात आणि प्रत्येकावर एका वेळी तीन चित्रं दिसतात. जुन्या पद्धतीत चित्रं ठरलेल्या रेषेवर जुळावी लागायची. 'मार्गां'च्या खेळात ती अट नाही. डावीकडून सुरुवात करून लगतच्या चक्रांवर तेच चित्र वर-खाली कुठेही आलं तरी चालतं. प्रत्येक चक्रावर तीन जागा, म्हणून ३×३×३×३×३ = २४३. चार जागा असतील तर १,०२४. सहा चक्रं आणि प्रत्येकावर सात जागा असतील, तर १,१७,६४९. हा शेवटचा आकडा ऑस्ट्रेलियातल्या बिग टाइम गेमिंग कंपनीच्या 'मेगावेज' प्रकारातला. तोही जास्तीत जास्त. प्रत्येक फेरीत जागा बदलतात, त्यामुळे बहुतेक वेळा मार्ग बरेच कमी असतात.

आता समजा, पहिल्या चक्रावर २ आंबे आले, दुसऱ्यावर १, तिसऱ्यावर ३ आणि चौथ्यावर एकही नाही. मार्ग झाले २×१×३ = ६. तीन आंब्यांना प्रत्येक मार्गामागे १ रुपया ठरलेला असेल, तर मिळाले ६ रुपये. घंटा वाजते, नाणी उडतात, पडदा झगमगतो.

पण फेरीला लावले होते २० रुपये! म्हणजे १४ रुपये गेले.

हरलो, तरी घंटा वाजते

संशोधनात याला 'विजयाचा मुखवटा घातलेली हार' अशा अर्थाचं नाव आहे. कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० मध्ये यावर प्रयोग प्रसिद्ध केला. अनेक रेषांचं स्लॉट मशीन खेळणाऱ्यांच्या त्वचेची विद्युतवाहकता त्यांनी मोजली. मनात खळबळ झाली की हाताला किंचित घाम सुटतो आणि ही वाहकता वाढते. मुखवट्याच्या हारीला शरीराचा प्रतिसाद साध्या हारीसारखा नव्हता, खऱ्या विजयासारखा होता. खिशातून पैसे जात होते आणि शरीर मात्र जिंकल्याचं मानत होतं. मार्ग जितके जास्त, तितके असे छोटे 'विजय' दाखवायला वाव जास्त.

तुकडे वाढले, भाकरी तेवढीच

२० रुपये २४३ मार्गांवर वाटले तर एका मार्गाच्या वाट्याला साधारण ८ पैसे येतात. १,१७,६४९ मार्गांवर वाटले तर एका पैशात जवळजवळ ५९ मार्ग! एकूण किती परत द्यायचं हे खेळ बनवणारा आधी ठरवतो आणि त्या मापात प्रत्येक चित्राचा दर बसवतो. मार्ग वाढवले की एका मार्गाचा दर कमी करावा लागतो. भाकरीचे जास्त तुकडे केले म्हणून भाकरी मोठी होत नाही.

ही 'भाकरी' म्हणजे आरटीपी, लावलेल्या पैशांपैकी सरासरी परत येणारा हिस्सा. अनेक ऑनलाइन स्लॉटचा जाहीर आरटीपी ९६ टक्क्यांच्या आसपास असतो. आपल्याकडे हे उसाच्या उताऱ्यावरून पटकन कळेल. कारखान्याचा उतारा समजा साडेदहा टक्के आहे. म्हणून प्रत्येक कांडक्यातून तेवढीच साखर निघते का? नाही. ती हजारो टनांची सरासरी आहे. आरटीपीही लाखो फेऱ्यांची सरासरी असते. तुमच्या आजच्या ५० फेऱ्यांना तिचं बंधन नाही.

आणि 'इतक्या वेळा हरलो, आता लागेलच' हेही खरं नाही. बटण दाबल्यावर यादृच्छिक संख्या निकाल ठरवते. फिरणारी चक्रं म्हणजे नुसता देखावा. मागच्या फेरीत काय झालं ते पुढच्या फेरीला माहीतच नसतं.

मग मटक्यापेक्षा बरं का?

मटक्यात एका आकड्याला नऊपट हा जुना चालत आलेला दर. दहा आकड्यांतून एक येणार, म्हणजे सरासरी १० रुपयांत १ रुपया जातो. स्लॉटमध्ये १० रुपयांत ४० पैसेच. स्वस्त वाटलं ना?

आता वेग बघा. मटक्याचा आकडा यायला काही तास थांबावं लागतं. मोबाईलवर सहा सेकंदांना एक फेरी धरली, तर तासाला ६०० फेऱ्या होतात. प्रत्येकी १० रुपये, म्हणजे ६,००० रुपयांची उलाढाल आणि सरासरी २४० रुपये तोटा. खिशातून घातले असतील ५०० रुपयेच. पण जिंकलेले पैसे पुन्हा लावले की त्यांच्यातूनही दर वेळी ४ टक्के कापले जातात. 'चार टक्के' तुमच्या ५०० वर नाहीत, एकूण उलाढालीवर आहेत. खरी मेख इथं आहे.

तेही ९६ टक्के खरे असतील तर! ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं मंजूर केलेल्या कायद्यानुसार पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवायला आणि त्यांची जाहिरात करायला बंदी आहे. त्यामुळे लिंकवरून येणाऱ्या असल्या ॲपचा आरटीपी आपल्याकडे तपासणार कोण? जिंकलेले पैसे दिले नाहीत तर दाद कुठे मागणार?

घरात कुणी यात अडकलं असेल, तर आधी भांडू नका. बँकेचं महिन्याचं स्टेटमेंट काढा. गेलेले पैसे एका बाजूला, परत आलेले दुसऱ्या बाजूला लिहा आणि त्यालाच बेरीज करू द्या. त्या बेरजेत घंटा वाजत नाही. फसवणूक झाली असेल तर १९३० वर सायबर तक्रार करा. सुटत नसेल तर टेलिमानसच्या १४४१६ वर फोन करा, तो मोफत आहे. कायद्याचा रोख खेळ चालवणाऱ्यांवर आहे, खेळणाऱ्यावर नाही. त्यामुळे बोलायला घाबरू नका.