लुळ्या पायाची मांडी सुजली तर

झाडावरून पडल्याने, रस्त्यावरील अपघाताने किंवा खाणीतील दुर्घटनेने मज्जारज्जूला इजा झाली की कमरेखालचे दोन्ही पाय लुळे पडू शकतात. शस्त्रक्रिया आटोपून रुग्ण नागपूरहून चंद्रपूर-गडचिरोलीतील आपल्या गावी परततो आणि त्याची सारी शुश्रूषा घरच्यांच्या हाती येते. वाचकहो, आपल्या घरी असा रुग्ण असेल, तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी. इजेनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत त्याच्या खुब्याजवळ, मांडीवर किंवा गुडघ्याजवळ सूज आली, तर ती चोळू नये आणि तिच्याकडे दुर्लक्षही करू नये.

अशा सुजेमागील एक कारण म्हणजे स्नायूंच्या मध्ये नवे हाड तयार होणे. वैद्यकात यास ‘हेटरोटॉपिक ऑसिफिकेशन’ म्हणतात. पहिल्या महायुद्धात जखमी होऊन पांगळ्या झालेल्या सैनिकांमध्ये हा विकार आढळला आणि १९१८ साली फ्रान्समध्ये देजेरिन व सेइलिए यांनी त्याचे वर्णन केले. मज्जारज्जूच्या इजेनंतर स्नायूंभोवतालच्या ऊतीतील काही पेशी हाड घडवू लागतात. हे केवळ चुन्याचे थर नसतात, ते खरेखुरे हाड असते. म्हणून दूध किंवा नाचणी बंद केल्याने ते थांबत नाही; रुग्णाचे पोषण मात्र घटते. मेंदूला मार लागल्यावरही हा विकार होतो. लकव्यानंतर तो क्वचितच दिसतो.

सुजलेला भाग गरम लागतो, कधी लालसर दिसतो, बारीक ताप येतो आणि पूर्वी सहज वाकणारा खुबा अडू लागतो. पायांना संवेदना नसल्याने रुग्ण वेदनेची तक्रार करीलच असे नाही. म्हणून रोज अंग पुसताना दोन्ही मांड्या शेजारी शेजारी पाहाव्यात. गुडघ्याच्या वाटीपासून सारख्याच अंतरावर फितीने घेर मोजून लिहून ठेवल्यास फरक लवकर कळतो.

मात्र ही सूज हाडाचीच आहे, असे घरी ठरवू नये. शिरेत रक्ताची गाठ, जंतुसंसर्ग किंवा अस्थिभंग यांतही पाय असाच सुजतो. रक्ताची गाठ फुप्फुसात गेल्यास जीव धोक्यात येतो. म्हणून सूज आली की त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. सोबत धाप लागली किंवा छातीत दुखू लागले, तर लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. गाठ शोधण्यासाठी सोनोग्राफी करतात. नवे हाड सुरुवातीच्या काही आठवड्यांत साध्या एक्स-रेत दिसत नाही. तेव्हा पहिला एक्स-रे निर्दोष आला तरी सूज व ताठरपणा टिकल्यास पुन्हा तपासणी करून घ्यावी.

आपल्याकडे पाय ‘मोकळा’ करण्यासाठी तेल लावून जोरात रगडण्याची, हाडवैद्याकडून ओढून घेण्याची रीत आहे. येथे ती घातक ठरते. जबरदस्तीने वाकविल्यास स्नायू फाटतात, रक्तस्राव होतो आणि हाड वाढण्यास निमित्त मिळते. शेकही देऊ नये. बधिर त्वचा भाजली तरी रुग्णास कळत नाही. निदान झाल्यावर फिजिओथेरपिस्टने दाखविल्याप्रमाणे सांधा हळुवारपणे, अडेल तेथवरच हलवावा. डॉक्टर सूज कमी करणारी औषधे देतात. ती मनाने घेऊ नयेत, कारण जठर व मूत्रपिंडावर त्यांचा दुष्परिणाम होऊ शकतो.

पुष्कळांत हे हाड थोडेच वाढते व बसण्या-उठण्यास अडथळा होत नाही. काहींचा खुबा मात्र पूर्ण जखडतो. मग चाकाच्या खुर्चीत सरळ बसता येत नाही आणि एकाच बाजूवर भार येऊन शय्याव्रण होते. अशांसाठी, हाडाची वाढ स्थिरावल्यावर, शस्त्रक्रियेचा पर्याय असतो.

पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, हे आपण जाणतोच. अशा गावांतील कुटुंबांनी पावसाळ्यापूर्वीच आशाताईंना आपल्या रुग्णाची माहिती द्यावी, आरोग्य केंद्राचा क्रमांक भिंतीवर लिहून ठेवावा आणि वाट बंद असताना सूज आल्यास दूरध्वनीवरून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. रस्ता खुला होईपर्यंत पाय रगडू वा ओढू नये. मांडीचा घेर मात्र रोज मोजत राहावा.