मुलांची घसादुखी : तीन दिवसांचा ताप, दहा दिवसांचे औषध

शाळेतून परतलेल्या मुलाने गिळताना घसा दुखत असल्याची तक्रार केली, की बहुतेक घरांत दोष चिंचा-बोरांना किंवा बर्फाच्या गोळ्याला दिला जातो. या बिचाऱ्या पदार्थांचा त्यात फारसा अपराध नसतो. घसादुखी बहुधा विषाणूंमुळे होते व आठवडाभरात आपोआप बरी होते. तिच्यावर प्रतिजैविकांचा काहीही उपयोग नसतो. परंतु घसा दुखणाऱ्या दर चार मुलांपैकी साधारणतः एकाचा घसा ‘स्ट्रेप्टोकॉकस’ या जंतूमुळे सुजलेला असतो, आणि तेथे मात्र दुर्लक्ष महागात पडू शकते.

हा विकार मुख्यत्वे ५ ते १५ वर्षे वयाच्या मुलांत आढळतो. जंतूचा शिरकाव झाल्यावर २ ते ५ दिवसांनी एकाएकी ताप भरतो, आवंढा गिळणे कठीण होते, डोके दुखते. लहान मुलांना पोटदुखी वा उलटीही होते. टॉन्सिल्स लालभडक व सुजलेले असून त्यांवर कधी पांढुरके ठिपके दिसतात. जबड्याखाली, मानेच्या पुढील बाजूस, दाबल्यास दुखणाऱ्या गाठी हाताला लागतात. उलटपक्षी नाक वाहणे, खोकला व आवाज बसणे ही लक्षणे असल्यास विकार बहुधा विषाणुजन्य असतो. तथापि केवळ पाहून खात्री होत नाही; घशातील स्राव बोळ्याने टिपून तपासल्यास निदान पक्के होते. घशात करड्या रंगाचा चिकट पापुद्रा दिसल्यास घटसर्पाची शंका घ्यावी. तसा पापुद्रा दिसला, श्वास घेण्यास त्रास होऊ लागला किंवा लाळही गिळता येईनाशी झाली, तर मुलाला विनाविलंब रुग्णालयात न्यावे.

मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या व हळद घातलेले दूध यांनी घशाला आराम पडतो. जंतू मात्र त्याने मरत नाही. त्यासाठी पेनिसिलिन हेच आजही खात्रीचे औषध आहे. डॉक्टर पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन १० दिवस देतात, अथवा बेंझाथिन पेनिसिलिनचे एकच इंजेक्शन टोचतात. पेनिसिलिन सोसत नसल्यास तसे आधी सांगावे. अशा रुग्णांसाठी निराळी औषधे आहेत.

खरी अडचण तिसऱ्या दिवशी उद्भवते. ताप उतरतो, मूल अंगणात धावू लागते आणि औषध फडताळात जाते. उरलेल्या गोळ्या पुढे शेजारच्या मुलाला देण्याचा शेजारधर्मही काही घरांत पाळला जातो! त्यामुळे एका मुलाचा उपचार अर्धवट राहतो व दुसऱ्याचे निदान हुकते. घशात जंतू शिल्लक राहिल्यास काही मुलांत साधारण २ ते ३ आठवड्यांनी संधिवाताचा ज्वर उद्भवतो. जंतूशी लढण्यास सिद्ध झालेली शरीराची संरक्षक यंत्रणा चुकून स्वतःच्याच सांध्यांवर व हृदयावर उलटते. सांध्यांची सूज ओसरते. हृदयाच्या झडपांवर, विशेषतः डाव्या बाजूच्या मायट्रल झडपेवर, पडलेले व्रण मात्र राहू शकतात. पुढे एखाद्या तरुणीला गरोदरपणी धाप लागू लागते, तेव्हा झडप अरुंद झाल्याचे प्रथमच कळते. लहानपणची घसादुखी तोवर कोणाच्या स्मरणातही नसते. घसा दुखू लागल्यापासून ९ दिवसांच्या आत योग्य औषध सुरू करून ते पूर्ण केल्यास हा ज्वर टाळता येतो.

खोकला, शिंका व बोलताना उडणारे तुषार यांवाटे हा रोग पसरतो. म्हणूनच दाटीवाटीची घरे, वसतिगृहे व शाळेचे वर्ग ही त्याची आवडती ठिकाणे होत. औषध सुरू होऊन २४ तास उलटेपर्यंत मुलाला शाळेत पाठवू नये. तोवर त्याचा पेला व रुमाल वेगळा ठेवावा, शक्य तर अंथरूणही निराळे घालावे. घरातील दुसऱ्या मुलाचा घसा दुखू लागल्यास त्यालाही तपासून घ्यावे. या रोगावर अद्याप लस उपलब्ध नाही.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मुलांच्या तपासणीच्या वेळी संधिवातजन्य हृदयविकाराचाही शोध घेतला जातो. एकदा हा ज्वर येऊन गेलेल्या मुलाला तो पुन्हा येऊ नये म्हणून दर ३ ते ४ आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन कित्येक वर्षे घ्यावे लागते. इंजेक्शनांच्या तारखांचे कार्ड पालकांनी जपून ठेवावे व गाव बदलल्यास नव्या ठिकाणच्या आरोग्य केंद्रात ते पहिल्याच भेटीत दाखवावे.