एकवीस वळणांच्या अलीकडे

चौघांनी मिळून केलेले बेत शेवटी एकट्याच्याच गळ्यात येऊन पडतात, असा माझा जुना अनुभव आहे. मनालीहून लेहला मोटारसायकलने जाण्याचा बेतही त्याच जातीचा निघाला. एकाला रजा मिळाली नाही, दुसऱ्याच्या मुलाची परीक्षा आडवी आली आणि तिसऱ्याची ऐनवेळी कंबर धरली. उरलो मी आणि माझी साडेतीनशे सीसीची, किक मारून चालू करायची जुनी गाडी. घरी विचारणा झाली, "म्हणजे एकटेच जाणार?"

"त्यात काय एवढं?" मी म्हणालो. "रस्ता एकच आहे. चुकायचा कुठे?"

रस्ता चुकलो नाही, हे खरे. चुकलो ते वेगळ्याच ठिकाणी, आणि ती चूक जिवावर बेतायची थोडक्यात टळली. हौसेने त्या वाटेला एकट्याने जाणारे आज पुष्कळ आहेत. मुख्यतः त्यांच्यासाठी ही हकीकत लिहीत आहे. बाकीच्यांनी फराळाचे ताट जवळ ठेवून वाचायला हरकत नाही.

ही गोष्ट २०१३ च्या ऑगस्टमधली. गाडी रेल्वेने दिल्लीला पाठवली आणि तिथून ती चालवत मनाली गाठली. अटल बोगदा तेव्हा व्हायचा होता. तो वाहतुकीला खुला झाला ३ ऑक्टोबर २०२० रोजी. त्यामुळे पहिल्याच दिवशी ३,९७८ मीटर उंचीचा रोहतांग ओलांडावा लागला. चिखल, धुके आणि समोरून डुलत येणारे मालट्रक या तिघांशी झगडत पलीकडे लाहौलमध्ये उतरलो, तेव्हा पाऊस डोंगराच्या अल्याडच राहिला होता.

पुढे तांडी लागते. तिथे चंद्रा आणि भागा या दोन नद्यांचा संगम आहे. संगमानंतर नदीचे नाव चंद्रभागा, आणि खाली मैदानात तिलाच चिनाब म्हणतात. आपल्या पंढरपूरची चंद्रभागा म्हणजे भीमा. तिचा नि हिचा पाण्याचा काही संबंध नाही. पण मराठी माणसाचे हात ते नाव ऐकून आपोआप जुळतात, तसे माझेही जुळले. तांडीच्या पेट्रोलपंपावर एक फलक होता: पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. मी टाकी काठोकाठ भरली, पाच-पाच लिटरचे दोन डबे मागे बांधले आणि केलाँगला मुक्काम केला. गाडीच्या खाण्यापिण्याची एवढी काळजी घेणाऱ्या मी स्वतःच्या छातीचा नि डोक्याचा मात्र हिशेब केला नव्हता.

तो हिशेब असा. केलाँगची उंची सुमारे ३,१०० मीटर. दुसऱ्या दिवशीचा माझा मुक्काम सरचूला, म्हणजे जवळपास ४,३०० मीटरवर. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त चढवू नये, असे डॉक्टर सांगतात. मी एका दिवसात बाराशे मीटर चढवणार होतो. वाटेत बारालाचा ला ही ४,८९० मीटर उंचीची खिंड. 'ला' म्हणजे तिकडच्या बोलीत खिंड. कळसूबाईवर कळसूबाई ठेवावी आणि तिच्यावर आणखी एक कळसूबाई, म्हणजे या उंचीची साधारण कल्पना येते.

जिस्पा, दारचा मागे पडले आणि मोबाइल मुका झाला. झिंगझिंगबारच्या चढावर गाडी खोकू लागली. तिचे दुखणे मला समजत होते. वर हवा विरळ. पण कार्ब्युरेटर पेट्रोल सोडतो ते खालच्याच मापाने. हवा कमी, पेट्रोल जास्त, त्यामुळे प्लगवर काजळी धरते आणि इंजिन गुदमरते. रस्त्याकडेला थांबून प्लग पुसला, कार्ब्युरेटरचा स्क्रू थोडा फिरवून मिश्रण पातळ केले, तशी बाई पुन्हा चालू लागल्या. त्याच वेळी माझ्या कानशिलात बारीक ठणका सुरू झाला होता. मी तो हेल्मेटच्या पट्ट्यावर लोटला.

खिंडीच्या जवळचा नाला ओलांडायला दुपारचे तीन वाजले. हे नाले सकाळी गरीब असतात; ऊन चढले की वरचे बर्फ वितळते आणि दुपारी त्यांना पूर येतो. पाणी गुडघ्याला लागले. गाडी पडली नाही, पण बुटांत बर्फाचे पाणी शिरले. भागा नदी जिथून निघते तो सूरज ताल शेजारी निळाशार पसरला होता आणि मी त्याच्याकडे धड पाहिलेही नाही. सुंदर वस्तू डोळ्यांसमोर असून पाहावीशी वाटत नाही, हेदेखील त्या आजाराचेच लक्षण असावे, असे आता वाटते.

सरचू म्हणजे एका उघड्या पठारावरचे तंबू. एका तंबूत लाहौली नवराबायको चहाजेवणाची सोय करीत. मी जेवलो नाही. रात्रभर डोक्यात घण पडत होते; दोनदा उठून ओकलो. डोळा लागला की श्वास अडकून जाग येई. पहाटे मात्र मनाने पक्के केले की पुढे जायचे. समोर गाटा लूप्सची ती प्रसिद्ध एकवीस वळणे होती. ती चढलो की लेह जवळच, असा माझा हिशेब. घरी तारीख सांगून ठेवली होती. कचेरीतल्या मित्रांना फोटो दाखवायचे होते. इथवर येऊन मागे फिरायचे म्हणजे नाक कापून घेणे!

मी सामान बांधताना ती बाई चहाचा पेला घेऊन बाहेर आली आणि माझ्याकडे टक लावून पाहू लागली.

"भाईसाब, रात को उलटी हुई?"

"थोडी हुई, दीदी. अभी ठीक हूँ."

"अच्छा? तो यहाँ से गाडी तक सीधा चलके दिखाओ. एक पाँव के आगे दूसरा पाँव."

मला हसू आले. गाडी दहा पावलांवर होती. मी टाचेला चवडा लावून चालू लागलो, आणि चौथ्या पावलाला डावीकडे कललो. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तोच प्रकार. एक थेंबही न घेता माझी चाल दारुड्याची झाली होती. बाईने नवऱ्याला हाक मारली. ती आता हसत नव्हती.

तोल जाणे हे त्या आजारातले फार वाईट चिन्ह. मेंदूला सूज येऊ लागल्याची ती खूण असते आणि त्यावर खात्रीचा उपाय एकच: ताबडतोब खाली उतरणे. हे मला नंतर डॉक्टरांकडून कळले. त्या बाईला ते तंबू चालवून ठाऊक झाले होते. तिच्या नवऱ्याने जमिनीवर काटकीने रेघ ओढून मला भूगोल शिकवला. पुढे नकी ला ४,७३९ मीटर, मग लाचुंग ला ५,०५९. त्या उतरून पांगला गेलो तरी पांग सरचूपेक्षा उंचच. त्यानंतर मोरेचे पठार आणि ५,३२८ मीटरचा तंगलंग ला. तो ओलांडल्यावाचून खाली उतरणे नाही. मागे मात्र एकच खिंड, की लगेच दारचा आणि जिस्पा.

"आगे पहाड ही पहाड है," तो म्हणाला. "पीछे एक है."

रस्ता एकच होता खरा. पण त्याला दिशा दोन होत्या, हे मी विसरलो होतो.

त्या स्थितीत गाडी चालवणे शक्यच नव्हते. लेहहून रिकामा परतणारा एक ट्रक नवराबायकोने थांबवला. सडकेवर काम करणाऱ्या चार मजुरांनी माझी गाडी उचलून वर चढवली आणि दोराने बांधली. बाजारात निघालेल्या बोकडासारखी ती दिसत होती, आणि तिचा मालक केबिनमध्ये डोके धरून बसला होता. बारालाचा ओलांडताना दोनदा ट्रक थांबवावा लागला. मग उतार लागला. दारच्याला पोहोचेपर्यंत डोक्यातला घण थांबला. संध्याकाळी जिस्पाला मी दोन वाट्या डाळभात खाल्ला. तिथल्या डॉक्टरांकडे कुणाला तरी दाखवून घे, असे ड्रायव्हरने बजावले. ते मी दुसऱ्या दिवशी केलाँगच्या दवाखान्यात जाऊन केले. भाडे विचारले तर ड्रायव्हरने नुसता हात हलवला.

चार रात्री जिस्पाला काढल्या. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर चौथ्या दिवशी झिंगझिंगबारपर्यंत चढून झोपायला पुन्हा खाली आलो, त्यानंतर सरचू. त्या तंबूसमोर गाडी उभी केली, तर बाईने आधी जमिनीकडे बोट दाखवले. मी टाचेला चवडा लावून दहा पावले सरळ चाललो, तेव्हा कुठे चहा मिळाला. पुढली एकवीस वळणे, पांगचा लष्करी तळ, मोरेचे सपाट मैदान आणि तंगलंग ला, सारे सुखरूप पार पडले. ठरल्या तारखेनंतर सहा दिवसांनी लेहहून घरी फोन केला. तारखेबद्दल कुणी अवाक्षर काढले नाही.

आता बोगद्यामुळे मनालीहून निघालेला माणूस एका दिवसात सहज सरचूला पोहोचतो. रस्ता सुधारला; माणसाची छाती मात्र जुन्याच बनावटीची आहे. कार्ब्युरेटरसारखा फिरवायला तिला स्क्रू नाही. आणि एकट्या प्रवाशाची खरी अडचण थंडी, नाले किंवा पंक्चर ही नव्हे. विरळ हवा आधी विचारशक्तीवर घाला घालते. पुढे जावे की नाही, हे ठरवायचे असते ते त्याच बिघडलेल्या डोक्याने. सोबती असता तर त्याने माझी चाल पाहिली असती. मला परक्या बाईने पाहिले, हे नशीब.

म्हणून जिस्पालाच, डोके ठिकाणावर असताना, मी एका कागदावर तीन ओळी लिहिल्या आणि तो कागद पेट्रोलच्या टाकीवर चिकटवला: डोके दुखले तर चढायचे नाही. ओकारी आली तर उतरायचे. तोल गेला तर कुणाला तरी हाक मारायची.

त्यानंतर तीनदा हिमालयात एकटा जाऊन आलो. कागद दोनदा बदलला. ओळी त्याच ठेवल्या आहेत.