बांधकाम कामगार भरपाई विमा

बांधकामावर काम करीत असता अपघात होऊन कामगार मृत्यू पावल्यास वा अपंग झाल्यास त्याला अथवा त्याच्या आश्रितांना भरपाई देण्याची जी कायदेशीर जबाबदारी मालकावर येते, ती हप्ता घेऊन विमा कंपनीने पत्करण्याची व्यवस्था. भरपाई व विमा या दोन भिन्न गोष्टी होत. भरपाई हा कामगाराचा हक्क असून विमा हे तो हक्क प्रत्यक्षात पदरात पडण्याचे साधन आहे. भारतात भरपाई देणे बंधनकारक, परंतु तिच्यासाठी विमा उतरविणे सर्वसाधारणपणे ऐच्छिक, अशी स्थिती १९२३ पासून चालत आली आहे.

परांचीवरून पडणे, चराची माती ढासळणे, सेंट्रिंग कोसळणे, विजेचा धक्का बसणे हे या धंद्यातील नेहमीचे अपघात. कारखान्याला इमारत व यंत्रसामग्री असते, त्यामुळे भरपाईची वसुली कशातून तरी होऊ शकते. बांधकामाचे ठिकाण काम संपताच मोडते आणि मूळ मालक, ठेकेदार, उपठेकेदार व मुकादम अशा साखळीत प्रत्येक जण खालच्याकडे बोट दाखवितो. म्हणूनच विम्याचा प्रश्न या धंद्यात विशेष निकडीचा ठरतो.

एकोणिसाव्या शतकापर्यंत कामगाराला मालकाची हयगय सिद्ध करावी लागे. अपघात कामगाराच्या वा सहकाऱ्याच्या चुकीने झाला, किंवा त्याने धोका जाणूनच काम पत्करले, असे तीन बचाव मालकाला उपलब्ध होते. जर्मनीने १८८४ च्या कायद्याने एकेका धंद्यातील मालकांचे सक्तीचे विमा संघ स्थापले आणि १८८७ मध्ये बांधकामासाठी पूरक कायदा केला. ब्रिटनच्या १८९७ च्या कायद्यात, ३० फुटांहून उंच आणि परांची बांधून उभारल्या जाणाऱ्या वा दुरुस्त होणाऱ्या इमारतींचा समावेश होता. त्याहून बुटक्या घरावरून पडणाऱ्या गवंड्याला, परांची असली तरी, या तरतुदीचा आधार नव्हता. ही विचित्र मर्यादा १९०६ च्या कायद्याने गेली. १९४८ पासून तेथे अपघाताची भरपाई राष्ट्रीय विमा योजनेतून मिळू लागली. हयगयीबद्दलच्या जबाबदारीसाठी मालकाने विमा घेण्याची सक्ती १९६९ च्या कायद्याने केली. अमेरिकेत हे कायदे राज्यवार आहेत. टेक्सासमध्ये खाजगी मालकाला विमा ऐच्छिक असला, तरी शासकीय बांधकामाच्या ठेकेदाराला तो घ्यावाच लागतो. विमा न घेणाऱ्या मालकाला उपर्युक्त तीन बचाव घेता येत नाहीत.

भारतातील १९२३ चा कामगार भरपाई अधिनियम १ जुलै १९२४ पासून अंमलात आला. ठेकेदाराच्या कामगाराला मूळ मालकाकडे भरपाई मागता येईल व मालकाने ती ठेकेदाराकडून वसूल करावी, ही त्यातील मोलाची तरतूद. मालकाच्या धंद्याव्यतिरिक्त इतर कामासाठी घेतलेला नैमित्तिक मजूर मात्र त्यातून वगळलेला होता. घरमालकाने नाक्यावरून आणलेला बिगारी या वर्गात मोडे. हा अपवाद २००० च्या दुरुस्तीने काढून टाकला. १९९५ च्या दुरुस्तीमुळे दावेदाराला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यातील आयुक्ताकडे दावा लावता येऊ लागला. परगावी मेलेल्या मजुराच्या विधवेला ही सोय फार उपयोगाची आहे.

मृत्यूबद्दलची भरपाई म्हणजे मासिक वेतनाच्या ५० टक्के रक्कम गुणिले वयानुसार ठरविलेला गुणक. २०२० मध्ये अधिसूचित झालेल्या १५,००० रु. या वेतनमर्यादेनुसार ३० वर्षांच्या कामगाराचा गुणक २०७·९८ धरल्यास ही रक्कम १५,५९,८५० रु. होते. लहान ठेकेदाराकडे एवढी रोकड क्वचितच असते. विमा उतरविला असल्यास त्याला कामाचा धोका व एकूण वेतन यांवर ठरणारा हप्ता तेवढा भरावा लागतो. वेतन वा कामगारसंख्या कमी दाखविल्यास मात्र दाव्याच्या वेळी वाद उद्भवतो.

मोटार वाहनांचा विमा कायद्याने सक्तीचा असल्याने बांधकामावर वाळू आणणाऱ्या ट्रकचा चालक भरपाईपुरता विमासंरक्षित असतो. ती वाळू कालवणारा मजूर तसा असेलच असे नाही. हा भेद केवळ तात्त्विक नाही. भरपाई अधिनियमात विम्याची सक्ती नसल्यामुळे, थकीत भरपाईवरील व्याज देण्याची जबाबदारी करारान्वये वगळण्यास विमा कंपनी मोकळी आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ठरविले.

१९९६ च्या कायद्यांनी बांधकाम खर्चावर उपकर बसवून राज्यांत कल्याणकारी मंडळे स्थापण्याची तरतूद केली. मंडळाचे साहाय्य नोंदणीवर अवलंबून असते व नोंदणीसाठी आधीच्या बारा महिन्यांत ९० दिवस काम केलेले असावे लागते. भरपाईच्या हक्काला अशी अट नाही. त्यामुळे एक दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही. भरपाई अधिनियम व उपकर अधिनियम यांची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० हिने २१ नोव्हेंबर २०२५ पासून घेतली. तिच्यातील भरपाईच्या प्रकरणातही विम्याची सक्ती नाही. शासकीय कामांच्या निविदांत ठेकेदाराने कामगारांचा विमा उतरविण्याची अट घातली जाते व महाराष्ट्रात तो राज्याच्या विमा संचालनालयाकडून घेण्याची पद्धत आहे. खाजगी बांधकामांत ही गोष्ट करारातील अटींवर आणि मालकाच्या दक्षतेवर सोडलेली आहे.