पहिली गाडी घेताना आधी पाय टेकवून बघा



मागच्या महिन्यात आपल्या एका गटाच्या सचिव ताई बँकेत पोचल्या तेव्हा शटर अर्धं खाली आलेलं होतं. सकाळची एसटी चुकली, वडापवाला सीट भरेपर्यंत हलेना. दारात गाडी उभी, पण चालवता येत नाही आणि घरातलं माणूस शेतावर. त्या दिवशीच त्यांनी मला विचारलं, "मॅडम, गाडी घ्यायचीय. कोणती घेऊ?" हा प्रश्न आता जवळजवळ प्रत्येक गावात ऐकू येतो, म्हणून इथेच लिहिते.

पुतण्या सांगेल पल्सर घ्या. शोरूमवाला जिच्यावर ऑफर आहे ती दाखवेल. तुम्ही मात्र आधी गाडीवर बसून बघा. दोन्ही पाय जमिनीला टेकतात का? नुसते अंगठे नाहीत, चवडे तरी नीट टेकायला हवेत. नवशिकी बाई वेगात कमी पडते, उभ्या गाडीवर जास्त पडते. मीसुद्धा अशीच पडले. कॉलेजात असताना वडिलांची गाडी वळवताना बांधाच्या उतारावर पाय टेकवायला गेले आणि खाली जमीनच लागली नाही. गाडी अंगावर आली, सायलेन्सरचा चटका पोटरीवर अजून आहे.

नंतर वजन बघा. हिरो स्प्लेंडर साधारण ११२ किलोची, होंडा अ‍ॅक्टिव्हा त्याहून थोडी हलकी, टीव्हीएस एक्सएल १०० तर ९० किलोच्या आत. इंजिन बंद ठेवून गाडी दहा पावलं ढकला, स्टँडवर लावा, काढा. दम लागला तर ती गाडी आज तुमची नाही.

रस्ता आठवा. स्कूटीची चाकं लहान, १०-१२ इंची, त्यामुळे खड्ड्यात दणका जास्त. मोटारसायकलचं चाक मोठं, स्प्लेंडरचं १८ इंची, खडीच्या रस्त्याला बरं. पण स्कूटीला गिअर-क्लच नाही, पुढे किराणा ठेवता येतो आणि सहावारी नेसून बसता येतं. मोटारसायकलवर दोन्हीकडे पाय टाकायचे म्हणजे ड्रेस किंवा नऊवारी. (आमची आजी असती तर सगळ्यांत आधी तीच शिकली असती.) एक्सएलला गिअरही नाही आणि चाकं १६ इंची. दिसायला साधी, पण दुधाची किटली न्यायची असेल तर तिला नाक मुरडू नका.

आता पैशाचं. गटातून कर्ज काढून गाडी घेता, हप्ता तुम्ही भरता, मग आरसी कोणाच्या नावावर? दहातल्या आठ ताया हसतात आणि म्हणतात, "यांच्याच". तायांनो, आरसीवर नाव तुमचं घाला. वाद कशाला म्हणून गप्प बसू नका, अर्ज भरतानाच सांगा. शोरूमचा बोर्डावरचा भाव आणि विमा-पासिंग धरून रस्त्यावर येणारा भाव यांत बराच फरक असतो, तो आधी लिहून घ्या. जुनी घेत असाल तर सातबाऱ्यावर असतो तसा आरसीवर बँकेचा बोजा असू शकतो, तो उतरलाय का बघा. आणि गाडी नावावर करून घ्या. "करू नंतर" म्हणालात की ते राहूनच जातं.

शिकायला सुरुवात करण्याआधी शिकाऊ लायसन्स काढा. गिअरच्या गाडीला वय १८ पूर्ण हवं. शिक्षणाची अट नाही. फी एका प्रकारच्या गाडीला १५० रुपये आणि परीक्षेचे ५०. हे लायसन्स सहा महिने चालतं, आणि ३० दिवस झाल्यावर पक्क्याची परीक्षा देता येते. तोवर गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल 'एल' लावायचा, आणि मागे बसवायचं तर फक्त शिकवणारं, लायसन्स असलेलं माणूस. पोरांना शाळेत सोडायचं ते नंतर. विनागिअरचं लायसन्स काढलंत तर घरची गिअरची गाडी चालवता येणार नाही, हेही आत्ताच ठरवा.

"गावातल्या गावात कशाला लायसन्स?" असं म्हणतात. विनालायसन्स दंड ५,००० रुपये, आणि गाडी दिली म्हणून मालकालाही वेगळा ५,०००. दंडाचं सोडा, अपघात झाला तर विमा कंपनी तुमच्या गाडीचा खर्च नाकारू शकते, आणि समोरच्याला दिलेली भरपाई मालकाकडून वसूल करू शकते. अशा वेळी गटाचं कर्ज कुठून फेडणार?

सराव सकाळी, खळ्यावर नाहीतर शाळेच्या मैदानावर करा. पहिले दोन दिवस गिअर बदलूच नका. पहिला टाकून क्लच हळूहळू सोडायचा. गाडी जिथे ओढ घेते ती जागा हाताला कळेपर्यंत तेवढंच. मग ब्रेक. बायकांना पुढच्या ब्रेकची भीती घालून ठेवलेली असते. खरं म्हणजे गाडी थांबवायचं जास्त काम तोच करतो. दोन्ही ब्रेक एकत्र, हळू दाबत न्यायचे. फक्त खडी-मुरुमावर आणि वळणात तो आवळायचा नाही, वेग वळणाच्या आधीच कमी करायचा. पदर आणि ओढणी कमरेला घट्ट खोचा, चाकात गेली तर गळ्याला फास बसतो. हेल्मेट आयएसआय मार्कचं, पट्टा लावून. हँडलला अडकवलेलं हेल्मेट हँडलचंच डोकं वाचवतं.

आधार कार्ड, वयाचा पुरावा आणि आधारला जोडलेला मोबाईल घेऊन गुरुवारी कार्यालयात या, शिकाऊ लायसन्सचा ऑनलाइन फॉर्म आपण मिळून भरू. चाळिशीच्या वर असाल तर डॉक्टरांचा फॉर्म १-ए लागतो, तो आधी भरून आणा. सचिव ताईंचा फॉर्म भरून झालाय. त्यांनी एक्सएलवर बसून बघितलं, पाय टेकले.