टाचांच्या भेगा : आधी पाणी, मग तेल

दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे होतात न होतात तोच माळव्यातील वारा कोरडा होऊ लागतो आणि घरोघरच्या स्त्रियांची चाल बदलते. सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टाकताना ओठ आवळले जातात, पांघरुणाचा धागा टाचेत अडकतो, ठेवणीतल्या रेशमी साडीचा काठ ओढला जातो. आमच्या घरांतील वडीलधाऱ्या बायका या दुखण्याला जळवात म्हणत. शेजारच्या हिंदीभाषक भगिनी बिवाई म्हणतात आणि बडोद्याकडील आप्तांच्या तोंडी गुजरातीतला वाढिया हा शब्द बसला आहे. नावे तीन, पण त्याकडे दुर्लक्ष करण्याची रीत सर्वत्र एकच. घरात कोणी शिंकले तरी काढा उकळणारी गृहिणी स्वतःच्या टाचेतून रक्त आले तर ते पुसून पुन्हा ओट्याशी उभी राहते. ज्याची टाच कधी फुटली नाही त्याला परक्याची वेदना काय कळणार, अशा अर्थाची म्हण हिंदीत आहे. ती कोणी तरी फार सोसूनच केली असली पाहिजे.

भेगा म्हणजे अस्वच्छपणाची खूण, हा समज आधी मनातून काढून टाकावा. दिवसातून चार वेळा पाय धुणाऱ्या सोवळ्याच्या घरांतही भेगा असतात. किंबहुना त्या घरांत अधिकच असतात. तळपायाच्या कातडीत घामाच्या ग्रंथी विपुल आहेत, पण तेल पाझरणाऱ्या ग्रंथी मुळीच नाहीत. अंगावरच्या इतर कातडीला स्वतःचे थोडे तरी तेल मिळते, तळव्याला ते कधीच मिळत नाही. त्यातच टाचेवरचे मृत कातडीचे आवरण शरीरातील इतर भागांपेक्षा कितीतरी जाड असते. टाचेखाली चरबीची एक गादी असते. आपण उभे राहिलो की ती दबून कडेला पसरते. कातडी लवचिक असली तर तिच्याबरोबर ताणली जाते, कोरडी व राठ असली तर तडकते. म्हणून भेगा तळव्याच्या मध्यभागी क्वचित आणि टाचेच्या कडेला नेहमी पडतात. वजन वाढले, कोटा वा शहाबादी फरशीवर अनवाणी तासन् तास उभे राहणे झाले, मागून उघडी चप्पल वापरली, की हा ताण वाढतो. वारंवार साबणाच्या पाण्यात पाय भिजले की उरलासुरला ओलावाही निघून जातो.

आपल्या पूर्वजांना हे अगदीच अज्ञात नव्हते. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांमध्ये पाददारी नावाचा विकार सांगितला आहे. फार चालणाऱ्या माणसाच्या रूक्ष झालेल्या पायांना वायूमुळे वेदनायुक्त चिरा पडतात, असे त्याचे वर्णन आहे. चरकसंहितेत पादाभ्यंगाचे गुण सांगताना पायांचा खरखरीतपणा, ताठरता, रूक्षता व बधिरता जाते आणि पाय फुटत नाहीत, असे म्हटले आहे. चालणे आणि कोरडेपणा ही दोन्ही कारणे त्या काळी बरोबर हेरली गेली होती.

मात्र घरगुती उपचारात एक चूक पिढ्यान् पिढ्या होत आली आहे. कोरड्या टाचेवर तेल चोळून आपण निजतो आणि चार दिवसांनी काही गुण नाही म्हणून सोडून देतो. १९५२ साली अमेरिकेतील संशोधक अर्व्हिन ब्लँक यांनी तळपायाच्या घट्ट्याचे तुकडे घेऊन प्रयोग केले. वाळलेला तुकडा तेलात ठेवला तरी कडकच राहतो, पाणी मुरले तरच तो लवचिक होतो, असे त्यांना आढळले. म्हणजे कातडी मऊ करते ते पाणी. तेलाचे काम ते पाणी उडू न देण्याचे. वाळलेल्या पापडाला तेल लावून तो मऊ होत नाही, हे स्वयंपाकघरात आपण जाणतोच. तेव्हा क्रम असा धरावा : आधी पाणी, मग तेल, आणि दोहोंच्या मध्ये फार वेळ जाऊ द्यायचा नाही.

रात्रीची आवराआवर झाली की पसरट घमेल्यात कोमट पाणी घेऊन दहापंधरा मिनिटे पाय बुडवून बसावे. पाणी कोमटच हवे. कढत पाण्याने बरे वाटते खरे, पण ते कातडी अधिकच कोरडी करते. पाण्यात सोडा, कपड्यांची पावडर, लिंबाचा रस असे काही घालू नये. उघड्या भेगेला त्याने फक्त चुरचुर होते. चिमूटभर मीठ घातल्याने बिघडत नाही आणि विशेष काही घडतही नाही.

मग वज्री. हा शब्द आमच्या नव्या सुनांना परका वाटू लागला आहे, त्या तिला झांवा म्हणतात. पूर्वी न्हाणीघराच्या कोनाड्यात पितळेची वज्री असे. मुठीला पोपट, मोर, हत्ती, तळाला खरखरीत नक्षी. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अशा वज्र्या जपून ठेवलेल्या आहेत आणि पाय घासण्याच्या वस्तूवर एवढे कलाकुसर करणाऱ्या कारागिरांचे कौतुक वाटते. हल्ली बाजारात सच्छिद्र दगड मिळतो, तोही चालतो. नियम एवढाच, की कातडी भिजून मऊ झाल्यावर, हलक्या हाताने, एकाच दिशेने, मिनिटभर घासावे. एका बैठकीत टाच गुळगुळीत करण्याचा हट्ट धरू नये. आठवड्यातून दोनदा पुरे. फार घासले तर कातडी स्वतःच्या रक्षणासाठी पुन्हा जाड होते. ब्लेडने वा कात्रीने कडा कापणे मात्र सर्वथा वर्ज्य. सुटलेला पापुद्रा ओढणाऱ्यांना आम्ही काय सांगावे? तो जिवंत कातडीपर्यंत सोलत जातो, हे त्यांना आमच्याहून अधिक ठाऊक असते.

पाय टिपून घ्यावेत, बोटांच्या बेचक्या पुऱ्या कोरड्या कराव्यात आणि टाच दमट असतानाच स्निग्ध पदार्थ लावावा. येथे कोकमाच्या तेलाला आम्ही पहिला मान देतो. गोव्याकडे याला भिरंडेल म्हणतात, मालवणाकडे मुठेल. कोकमाच्या बिया वाळवून कुटतात, पाण्यात उकळतात, वर तरंगलेली चरबी काढून तिचे गोळे वळतात. नावाला तेल असले तरी एरवी ते मेणासारखे घट्ट असते आणि अंगाच्या उष्णतेच्या जरा वर, सुमारे चाळीस अंशांच्या आसपास, वितळते. भेगेत बसून राहण्याचा गुण त्यात आहे तो यामुळेच. पातळ तेल चादरीला लागते; कोकमाचे टाचेवर थर धरून राहते. पळीत तुकडा घेऊन मंद आचेवर वितळवावा आणि बोटाला सोसेल इतका निवल्यावरच भेगांत भरावा. चटका बसेल असे तेल भेगेत सोडण्याची जुनी रीत काही घरांत आहे, ती धोक्याची आहे. इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठी घरांत हा गोळा बहुधा कोकणात जाऊन आलेल्या कोणाच्या तरी ट्रंकेतून येतो आणि शेजारीपाजारी नखाएवढा वाटला जातो.

कोकम न मिळाले तर घरीच मलम करता येते. तिळाचे वा खोबऱ्याचे तेल शंभर ग्रॅम आणि मधमाशांचे शुद्ध मेण वीस ग्रॅम एका भांड्यात घालून ते भांडे उकळत्या पाण्यात ठेवावे, मेण विरघळले की उतरवून ढवळत निववावे. ग्वाल्हेरला जानेवारीत पारा पाच अंशांखाली जातो तेव्हा हे मलम फार घट्ट होते, म्हणून थंडीसाठी मेण पंधरा ग्रॅमच घ्यावे. हौस असेल त्यांनी शतधौत घृत करावे : तांब्याच्या परातीत तूप घेऊन, पाणी घालून फेसायचे आणि ते पाणी टाकायचे, असे शंभर वेळा. तूप लोण्याहून पांढरे व हलके होते. मनगटे भरून येतात, हे आधीच सांगून ठेवतो. यांपैकी काहीच जमत नसेल तर औषधाच्या दुकानातील साधे पेट्रोलियम जेली स्वस्त आहे आणि गुणाला कमी नाही. स्वदेशी-विदेशी वाद टाचेला कळत नाही.

काशाच्या वाटीने तूप चोळण्याविषयी नेहमी विचारले जाते. त्याने झोप चांगली लागते आणि तूपही मुरते, म्हणून अवश्य चोळावे. तळवा काळा होतो तो अंगातील उष्णता बाहेर पडल्याने, असे सांगतात. वस्तुतः ती काळिमा काशाच्या धातूची असते.

टाच फारच जाड झाली असेल तर युरिया असलेले मलम उपयोगी पडते. शेतकरी कुटुंबांत हे नाव ऐकून हसू येईल, पण हा पदार्थ आपल्या कातडीतही निसर्गतः असतो व पाणी धरून ठेवतो. साध्या कोरडेपणाला दहा टक्क्यांचे, राठ टाचेला वीस-पंचवीस टक्क्यांचे मलम घ्यावे. उघड्या भेगेला ते झोंबते. म्हणून आधी आठ दिवस कोकम वा जेली लावून भेग मिटू द्यावी. वर सुती पायमोजे घालावेत. निजताना मोजे म्हणजे काय नाटक, असे घरातील पुरुष म्हणतील, म्हणू द्यावे. मोज्यांमुळे औषध जागेवर राहते आणि आणखी एक अनर्थ टळतो. तेलकट पायांनी रात्री गुळगुळीत फरशीवर उठलेल्या वृद्धांचे पाय घसरतात आणि खुब्याचे हाड मोडते. म्हणून तेल बिछान्यावर बसूनच लावावे आणि वृद्धांनी मोजे घातले तरी फरशीवर उतरताना न घसरणारी चप्पल पायात सरकवावी.

हे सारे रोज केले तर दोनतीन आठवड्यांत फरक दिसतो. तळव्याची कातडी जाड असल्याने तिथे उतावीळपणा चालत नाही.

आता एका गोष्टीवर थोडे थांबतो, कारण तिच्यासाठीच हा लेख लिहावा असे आम्हांला वाटले. दुखणारी भेग त्रासदायक असते. न दुखणारी भेग भयंकर असते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत २०२१ मध्ये देशात सुमारे दहा कोटी दहा लाख मधुमेही असल्याचा अंदाज दिला आहे. आपल्यापैकी बहुतेक घरांत एक तरी आहेच. दीर्घकाळच्या मधुमेहात पायाच्या मज्जातंतूंची जाणीव मंदावते, घाम कमी झाल्याने पाय अधिक कोरडे पडतात आणि रक्तपुरवठाही उणावतो. अशा पायाला भेग पडली, तीत माती गेली, पू झाला, तरी आजोबांना पत्ता नसतो. मोज्यावर डाग दिसल्यावर घर जागे होते. चिरेएवढ्या जखमेपायी पाय कापण्याची पाळी येते ती अशी.

म्हणून मधुमेहींनी वर सांगितलेले पाणी आणि वज्री हे दोन्ही उपाय करू नयेत. पाण्याचा चटका त्यांना कळत नाही आणि घासताना झालेली जखमही कळत नाही. घट्टे विरघळवणाऱ्या पट्ट्या आणि सॅलिसिलिक आम्लाची औषधे त्यांनी वैद्यकीय सल्ल्यावाचून लावू नयेत. साध्या पाण्याने चटकन पाय धुवावेत, टिपावेत, टाचेला व तळव्याला मलम लावावे, बोटांच्या मध्ये लावू नये. आणि रोज रात्री तळवे पाहावेत. वाकवत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवावा. दिसत नसेल तर नातवंडाला सांगावे, त्याच्या तीक्ष्ण डोळ्यांचा तेवढा उपयोग व्हावा. वर्षातून एकदा डॉक्टरांकडून पायांची जाणीव तपासून घ्यावी. लाली, सूज, गरमपणा, पू वा काळेपणा दिसला तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. उद्या सकाळी बघू, हे वाक्य येथे उच्चारू नये.

मधुमेह नसतानाही काही टाचा उपचारांना दाद देत नाहीत. तळव्याच्या रेषांत पिठासारखा पांढरा भुगा दिसत असेल, बेचक्यांत खाज असेल, तर ती बहुधा बुरशी असते. तिला तेल कितीही चोळले तरी उपयोग नाही, बुरशीनाशक औषधच हवे. तळहात, कोपरे व डोक्याची कातडीही खपलत असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. सर्वांग कोरडे, थंडी सोसत नाही, थकवा व वजन वाढत आहे अशा स्त्रियांनी थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्यावी. शेणामातीत काम करणाऱ्यांनी धनुर्वाताची लस दर दहा वर्षांनी घेण्यास विसरू नये, कारण भेग ही जखमच आहे.

राहिला प्रश्न चपलेचा, आणि तो आपल्या घरांत नाजूक आहे. स्वयंपाकघरात वहाण घालू नये हा दंडक अनेक घरांत अजून पाळला जातो, आणि तो मोडा असे सांगण्याचे धाडस आम्ही करत नाही. पण बाहेर कधीही न नेलेली, धुता येणारी, मऊ तळाची कापडी वा रबरी जोडी केवळ घरासाठी ठेवली तर कोणाचे सोवळे बाधत नाही, असा काही सासवांनीच तोडगा काढलेला आम्ही पाहिला आहे. तेवढेही चालत नसेल तर ओट्यापुढे जाड पायपुसणे वा जुन्या सतरंजीची घडी तरी अंथरावी. बाहेर जाताना टाच झाकणारे पादत्राण थंडीपुरते वापरावे.

कोकमाचा गोळा उरला तर तो उन्हाळ्यात कागदात गुंडाळून फडताळात ठेवू नये. इंदुरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, गोळा वितळतो आणि फडताळातल्या कापडांवर डाग पडतात. घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवावा. वितळून पुन्हा गोठला तरी त्याचा गुण जात नाही.