पहिल्या रायफलीचा नेम कुठे?

तूर शेंगांवर आली आणि हरभरा जमिनीबरोबर उभा राहिला की यवतमाळ जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या रात्री जागलीत जातात. राळेगाव, केळापूर, घाटंजी या जंगलालगतच्या तालुक्यांत रानडुकरांचा कळप आणि रोही एका रात्रीत महिन्यांच्या कष्टांवर पाणी फिरवतात. अशा वेळी घरातल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला आपल्या हातीही एखादी बंदूक असावी असे वाटणे स्वाभाविक आहे. परवान्याविना, काही हजार रुपयांत मिळणारी छर्ऱ्यांची रायफल, म्हणजेच एअर रायफल, त्याला जवळची वाटते. मात्र ती विकत घेण्यापूर्वी आणि घेतल्यावरही काही गोष्टी समजून घेणे आवश्यक आहे.

कायदा काय सांगतो?

शस्त्र कायदा, 1959 नुसार बंदुकीच्या परवान्यासाठी वयाची 21 वर्षे पूर्ण असावी लागतात. त्याहून लहान नेमबाजांना केवळ सरावासाठी आणि देखरेखीखाली बंदूक हाताळण्याची मुभा नियमांत आहे. शस्त्र नियम, 2016 नुसार ज्या एअर रायफलीचा व्यास 4.5 मिलिमीटरपेक्षा अधिक नाही आणि छर्ऱ्याची ऊर्जा 20 ज्यूलच्या आत आहे, तिला परवाना लागत नाही. येथेच गैरसमजाला सुरुवात होते. परवाना लागत नाही याचा अर्थ तिने शिकार करता येते, असा नाही.

वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 ने शिकारीवर बंदी घातली आहे. या कायद्यातील शिकारीच्या व्याख्येत प्राणी मारण्याबरोबरच त्याला जखमी करणे आणि तसा प्रयत्न करणेही येते. ससा असो, तितर असो वा रानडुक्कर, छर्रा झाडणारा कायद्याच्या कचाट्यात सापडतो. पिकांची नासाडी करणाऱ्या रानडुकराच्या वा रोह्याच्या बाबतीत अपवाद आहे. पण त्यासाठी वनविभागाची लेखी परवानगी लागते. नुकसानीची तक्रार वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे नोंदवून, पंचनामा करून भरपाई मागण्याचा मार्गही खुला आहे.

या बाबतीत यवतमाळने मोठा धडा घेतला आहे. नोव्हेंबर 2018 मध्ये राळेगाव परिसरात ‘अवनी’ (टी-1) ही वाघीण मारली गेली. तिला मारण्यासाठी वनखात्याचा आदेश होता. तरीही गोळी झाडणाऱ्याला तसा अधिकार होता का, आधी बेशुद्ध करण्याचा प्रयत्न झाला का, यावर पुढे दीर्घकाळ चौकशी आणि वाद चालला. सरकारी मोहिमेतल्या बंदुकीला जर इतके प्रश्न विचारले जातात, तर शेताच्या बांधावरच्या बंदुकीला ते विचारले जाणारच.

दुसरे कारण निव्वळ व्यवहाराचे आहे. रानडुकरासाठी 20 ज्यूल ही ऊर्जा नगण्य आहे. साध्या .22 रायफलीच्या गोळीची ऊर्जाही 100 ज्यूलपेक्षा अधिक असते, तर .315 रायफलीची 2000 ज्यूलच्या पुढे जाते. छर्ऱ्याने डुक्कर मरत नाही. ते जखमी होते, चवताळते, आणि अंधारात त्याच्यासमोर तो मुलगाच उभा असतो.

मग ही रायफल कशासाठी?

कागदी लक्ष्यावरच्या नेमासाठी. दहा मीटर एअर रायफल या ऑलिंपिक क्रीडाप्रकारातील लक्ष्याच्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा अर्धा मिलिमीटर असतो. याच प्रकारात ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील 2022 साली जगज्जेता झाला. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवले. स्पर्धेच्या रायफली महागड्या असतात. पण श्वास, पकड आणि चाप ओढण्याची शिस्त स्वस्त रायफलीवरही शिकता येते.

प्रथम रायफल मुलाच्या अंगाला बसते का, हे पाहावे. दस्त्याचा मागचा भाग कोपराच्या आतल्या बाजूस टेकवून पाहिला असता तर्जनीचे पहिले पेर सहज चापावर पोहोचले पाहिजे. दस्ता लांब असेल तर मान ताणली जाते आणि नेम बिघडतो. दुर्बीण लावण्याची घाई करू नये. स्प्रिंगच्या रायफलीचा धक्का पुढे आणि मागे असा दोन्हीकडे बसतो, त्यामुळे त्यासाठी न बनवलेली दुर्बीण लवकर निकामी होते.

नेम चुकतो तेव्हा

दहा मीटरवर पाच छर्रे एकाच ठिकाणी नेम धरून झाडावेत. पाचही एकत्र, पण मध्यापासून दूर पडले तर दोष फक्त मागच्या साइटचा. छर्रे ज्या दिशेला जायला हवेत, त्या दिशेला ती सरकवावी. छर्रे विखुरले तर मात्र क्रमाने शोध घ्यावा. दस्त्याचे स्क्रू सैल झालेले असतात, हे सर्वांत सामान्य कारण. नंतर छर्रे पाहावेत. कडा दबलेले छर्रे बाजूला काढून दुसऱ्या वजनाचे वापरून पाहावेत. नळी जिथे दुमडते त्या सांध्यावर पातळ कागदाचा तुकडा ठेवून रायफल झाडावी. कागद उडाला तर तिथले सील गळते आहे. झाडताना धूर आणि मोठा आवाज येत असेल तर हवेच्या कोठीत तेल गेले आहे. ‘जरा तेल सोडा’ हा सल्ला येथे घातक ठरतो.

हे सारे ठीक असूनही छर्रे विखुरत असतील तर दोष पकडीत असतो. ही रायफल घट्ट आवळून धरायची नसते. तळहातावर अलगद विसावू द्यायची. छर्ऱ्याविना ती कधीही झाडू नये आणि ताणलेल्या स्थितीत ठेवून देऊ नये. दोन्हींमुळे स्प्रिंग आणि पिस्टन खराब होतात.

लक्ष्यामागे वाळूने भरलेली पेटी असावी. दगड वा लोखंडी पत्र्यावरून छर्रा उलटून डोळ्यावर येऊ शकतो. डोळ्यांना चष्मा, सोबत मोठे माणूस आणि सरावानंतर साबणाने हात धुणे, या तीन गोष्टी सक्तीच्याच मानाव्यात, कारण छर्रे शिशाचे असतात.

शेताचे राखण हा घरातल्या मोठ्यांनी कुंपण, अर्ज आणि पंचनाम्याच्या वाटेने सोडवायचा प्रश्न आहे. तो मुलाच्या खांद्यावरच्या रायफलीने सुटणार नाही. तिने मात्र त्याला एक गोष्ट नक्की शिकवता येईल : चाप ओढण्याआधी थांबणे.